तीन वीसची पोच

बापूराव शेलारांचं पत्र अनंतराव आगाश्यांना एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात आलं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र, मजकूर चार ओळींचा. 'पंत, बारा ऑगस्टच्या तारेला तीन वीसला तुमची पोच आली होती. एवढंच लिहून पाठवा. चौकशीत दाखवायचं आहे. राग नाही. बापू.'

उत्तर द्यायचं नाही, असं अनंतरावांनी कधी ठरवलं नव्हतं. पत्र आलं त्याच आठवड्यात ते कागद घेऊन बसले. वर 'स. न. वि. वि.' लिहिलं. इतक्या जवळच्या माणसाला हे फार कोरडं होईल म्हणून खोडलं. 'प्रिय बापू' लिहिलं, तर पुढे जे लिहायचं होतं त्याच्या डोक्यावर ते शोभेना. मायन्यातच महिना गेला. तोवर चौकशी आटोपली, आणि आटोपलेल्या चौकशीबद्दल काय लिहायचं, या प्रश्नात वर्ष गेलं. मग इतक्या उशिरा लिहिलं तर उशिराचं कारण आधी द्यावं लागेल, असं झालं. पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात राहिलं. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये ते राहायला आले, तेव्हा तो खंडही सामानाबरोबर आला. आता अनंतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि शब्दकोश उचलताना त्यांचं मनगट दुखत असे.

यंदा जानेवारीत एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज होता.

"अनंतकाका आगाशे का? मी निशा शेलार, विश्रांतवाडीहून. बापूराव शेलारांची सून. पेन्शनर संघातून तुमचा नंबर मिळाला."

अनंतरावांना वाटलं, बापू गेला. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, ऐकताय ना? अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या वह्या आहेत. सगळ्या ठिपक्यांच्या आणि रेघांच्या. आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत. मी मोबाइलच्या ॲपमध्ये टाकून बघितलं, तर नुसती इंग्रजी अक्षरं येतात, अर्थ काही लागत नाही."

"ती तारेतली नागरी लिपी असेल," अनंतराव म्हणाले. "ॲपला इंग्रजीच येत असेल. आम्हाला दोन्ही शिकवलं होतं." आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "बापूराव स्वतः...?"

"त्यांना दिसत नाही हो आता. काचबिंदू. दोन्ही डोळे गेले. कान मात्र तिखट आहेत. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, पंतालाच दे. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

फोन ठेवल्यावर श्यामलाबाईंनी विचारलं, "कुणाचा होता?"

"ट्रेनिंगमधल्या मित्राच्या सुनेचा. वह्या वाचून हव्या आहेत."

"मित्र? तुमचा?" श्यामलाबाई वाटाणे सोलत होत्या. "पन्नास वर्षांत एकदाही चहाला आला नाही, तो?"

निशा दुसऱ्या दिवशी आली. चाळिशीची, बँकेत नोकरी करणारी, जिना चढूनही धाप न लागणारी. पिशवीत तीन वह्या होत्या. शाळेच्या दोनशे पानी वह्या, मेणकापडाचं कव्हर, आत पेन्सिलीनं काढलेले ठिपके आणि रेघा, ओळीमागून ओळ. कसर लागलेली होती. वरची तारीख तेवढी आकड्यांत असे.

"सासूबाई होत्या तेव्हा चिडायच्या," निशा म्हणाली. "त्यांचं नाव मुक्ता. मला कळू नये म्हणून असं लिहितात, म्हणायच्या. अण्णा म्हणायचे, तुझ्याबद्दल लिहायला दोन ओळी लागतात, त्या मी तोंडानंच सांगीन."

श्यामलाबाई हसल्या. अनंतरावांनी पहिली वही उघडली, बंद केली. "माझी आता सवय गेली. चाळीस वर्षं झाली. चुका होतील."

"होऊ देत, काका. तुम्ही साध्या मराठीत लिहून ठेवा, मी संध्याकाळी त्यांना वाचून दाखवीन. पाच-सहा पानं झाली की फोन करा. मी येऊन नेते."

म्हणजे या वह्यांत जे आहे ते त्यांनी लिहायचं, तिनं वाचायचं आणि बापूनं ऐकायचं. नाही म्हणण्याचे तीन-चार सभ्य प्रकार अनंतरावांना सुचले. पण त्यातला कुठला बरा, हे ठरेपर्यंत निशा चपला घालून निघालीसुद्धा होती.

बहात्तर साली ते दोघं तार खात्याच्या प्रशिक्षणाला एकाच बाकावर होते. अनंतराव बी. ए. झालेले, वाचनवेडे, आणि वर्गातले सगळ्यात ढ. तारेची भाषा कानानं घ्यायची असते. साउंडर नावाचं पितळी यंत्र कट्ट, कडकट्ट असं वाजत राहतं. आवाज मोठा यावा म्हणून त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा अडकवलेला असतो, आणि त्या खडखडाटातून अक्षरं उचलायची असतात. अनंतराव डॉट मोजत बसत. तीन मोजून होईतो पुढची दोन अक्षरं निघून जात.

बापूराव विश्रांतवाडीपलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, जेमतेम मॅट्रिक. पण कान असा की मास्तर खोलीत नसताना साउंडर वाजला तरी तो न लिहिता मजकूर सांगायचा. संध्याकाळी क्लास सुटला की तो अनंतरावांना कट्ट्यावर बसवायचा आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणावर नखानं अक्षरं वाजवायचा.

"पंत, मोजू नका. आईनं हाक मारली तर अक्षरं मोजता का? आपल्याला बोलावलंय, एवढं कळतं ना? तसं ऐका."

"नाहीच कळलं तर?"

"तर विचारायचं. रिपीट मागायचं. त्यासाठी खूण दिलीये खात्यानं, फुकट आहे. लाजता काय?"

सहा महिने रोज संध्याकाळी त्यानं झाकण वाजवलं. अनंतराव पास झाले ते त्यामुळेच. पास झाल्यावर बापूची नेमणूक तालुक्याच्या पारखेड गावी झाली, अनंतरावांची शहरात, आणि योगायोगानं दोघं एकाच तारेच्या दोन टोकांना बसले. नऊ वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड क्वचितच पाहिलं, पण रोज हात ऐकला. प्रत्येकाचा हात, म्हणजे तारेची किल्ली वाजवण्याची लकब, वेगळा असतो. बापूच्या हातात डॅशनंतर बारीकशी घाई असे, चहा निवत असल्यासारखी.

अनंतराव दुपारी जेवणानंतर खिडकीपाशी बसत. डोळ्यांना ठिपके दिसत, पण अक्षर दिसत नसे. ते बोटानं टेबलावर वाजवून पाहावं लागे, म्हणजे मग कान सांगे. कुठला ठिपका पेन्सिलीचा आणि कुठलं भोक कसरीचं, हे भिंगातून पाहावं लागे. दोन पानं झाली की मान धरायची. मग ते आडवे होत, आणि आडवं झाल्यावर मघाशी लिहिलेलं 'ब' होतं की 'भ', या शंकेनं पुन्हा उठत.

"अहो, ते टेबल वाजवणं आवरा," श्यामलाबाई आतून म्हणत. "खालच्या मजल्यावरून विचारणा झालीय, आगाश्यांकडे सुतारकाम किती दिवस चालणार म्हणून."

पहिली वही सोपी गेली. ऐंशी साल. 'बॅटरी उतरली.' 'मुक्ताला ताप.' 'आज लाइनवर फार खरखर. पंताला चारदा सांगावं लागलं. विचारतो हे बरं आहे.' हे वाक्य लिहून काढताना अनंतरावांचा पेन थांबला. नऊ वर्षांत आपल्याबद्दल चांगलं लिहिलेलं हे एकच वाक्य असावं, आणि तेही खरं राहिलं नव्हतं.

निशा यायची, कागद न्यायची, पुढच्या खेपेला सांगायची, "अण्णा खूश आहेत. ताप आलेला त्यांना आठवला, तारीखसुद्धा. रोज विचारतात, पंत कुठवर आला?"

"कुठवर आला, असं विचारतात?"

"हो. म्हणजे कुठली तारीख चालू आहे."

अनंतरावांनी चष्मा पुसायला घेतला.

बारा ऑगस्ट एक्याऐंशीला ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोचले. त्या दिवशी काय झालं होतं ते त्यांना वाचायची गरज नव्हती.

त्या दुपारी लाइन खराब होती. अनंतरावांनी अडीचपासून तीनदा रिपीट मागितलं होतं. शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला होता, "आगाशे, तुमच्यासाठी तारा पोस्टकार्डावर मागवू का?" सगळे हसले होते. सुपरवायझरही हसले होते. मग तीन अठराला पारखेडहून मयताची तार आली. अशी तार बाकी सगळ्या थांबवून पुढे काढायची असते. येरवड्यातल्या कारखान्याच्या चाळीत राहणाऱ्या संभाजी नावाच्या कामगाराला त्याच्या वडिलांनी कळवलं होतं: आई वारली, ताबडतोब ये. पत्त्यातल्या खोली क्रमांकाशी खरखर वाढली. अनंतरावांच्या कानाला सतरा ऐकू आलं. त्यांनी पेन्सिलीनं '१७' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग नियम आठवला, अंदाजानं आकडा लिहायचा नाही, म्हणून ते खोडरबरानं पुसलं. विचारायला किल्लीवर बोट ठेवलं. शेजारचा मान वळवून बघत होता.

अनंतरावांनी रिपीट मागितलं नाही. त्यांनी पोच दिली. पोच म्हणजे मजकूर पूर्ण मिळाला ही खूण. ती मिळाल्याशिवाय पाठवणाऱ्याला हातातला फॉर्म खाली ठेवता येत नाही. तीन वीसला बापूनं फॉर्म खाली ठेवला. अनंतरावांनी तो अर्धा कागद ट्रेखाली सरकवला. सुपरवायझर चहाला गेले की हळूच विचारून घेऊ, दोन मिनिटांचं काम. सुपरवायझर चहाला गेले नाहीत. चारला पाळी बदलली आणि अनंतरावांनी तो कागद बाकीच्या गठ्ठ्यात घालून दिला, न सही करता, न वेळ घालता, न काही बोलता.

सकाळी कुणाला तरी तो सापडला. त्यानं सकाळची वेळ घातली. चाळीत दीडशे खोल्या आणि चार संभाजी. तार 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली, आणि गावाकडच्या कुणाकडून तरी कळून तो मुलगा पारखेडला पोचला तेव्हा तिसरा दिवस होता.

चौकशीत सुपरवायझरांनी विचारलं, "आगाशे, आदल्या दिवशी आली होती का हो तुमच्याकडे?" प्रश्न अशा स्वरात होता की 'नाही' म्हणणं सोपं जावं. अनंतराव म्हणाले, "आठवत नाही." तेवढं पुरलं. तार उशिरा पाठवली, पाठवताना खोली क्रमांक गाळला, असा ठपका पारखेडच्या तारमास्तरवर, म्हणजे बापूवर आला. सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा बसला.

आता त्या दिवसाचं पान समोर होतं. अनंतराव टेबलावर बोट वाजवून वाचत गेले.

'१२ ऑगस्ट. मयताची तार. ३.२० ला पोच. पंत होता, हात ओळखला.'

'१५ ऑगस्ट. संभाजी ऑफिसच्या दारात आला. ओरडला नाही. म्हणाला, मास्तर, खोली नंबर बाबांनी लिहून दिला होता ना? मी फॉर्म दाखवला. तो म्हणाला, कागदावर आहे, पण तुम्ही वाजवला का?'

'९ नोव्हेंबर. पंताला पत्र टाकलं.'

मग पुढे तीन आठवडे तारखांखाली दोनच शब्द होते: 'उत्तर नाही.' पुढे नुसती तारीख, खाली रिकामं.

अनंतरावांना वाटलं होतं की शिव्या असतील. शिव्या असत्या तर लिहून काढल्या असत्या. पण दुसरी वही संपत आली तशी बापूची नोंद बदलत गेली.

'बाजारात वाट वाकडी करून जातो. माणसं काही बोलत नाहीत.'

'पंत खोटं बोलणारा नाही. तो म्हणतो आठवत नाही. मग माझंच चुकलं असेल.'

'आज ती तार घरी पुन्हा वाजवून पाहिली. सतरा वाजवला होता असं वाटतं. खात्री नाही.'

'बोटं एकदा सतरा वाजवतात, एकदा गाळून पुढे जातात. त्या दिवशी काय केलं, बोटांना माहीत. मला नाही.'

तिसऱ्या वहीत, बदली झाल्यावर, मुलगा झाल्यावर, यंत्रं बदलून तारेचं काम सुटल्यावरही दर बारा ऑगस्टला एकच ओळ होती. 'वाजवून पाहिली.' शेवटची दोन हजार अठरा सालची. रेघा ओळ सोडून तिरप्या गेल्या होत्या. त्यानंतर डोळे गेले असणार.

अनंतरावांनी पेन ठेवला. स्वतःवर शंका घेणं हा त्यांचा जन्माचा आजार होता. भाजीवाल्यापासून व्याकरणापर्यंत त्यांना कशाचीच खात्री नसे. बापूला तो आजार नव्हता. बापूचा कान बिनचूक होता आणि त्याला ते माहीत होतं. तो आजार त्याला अनंतरावांनी दिला होता, आणि त्रेचाळीस वर्षं तो त्याच्या बोटांत राहिला होता.

'पंत कुठवर आला?' बापू काय विचारत होता ते आता स्पष्ट होतं. तो पुन्हा विचारत होता. राग न धरता, सावकाश, तीन वह्या पाठवून.

अनंतरावांनी एकही शब्द न गाळता सगळं लिहून काढलं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कोरा कागद घेतला आणि ठिपके-रेघांत उत्तर लिहायला बसले. हे जमत होतं. मायना लागत नव्हता. हात आपोआप चालला. पान भरलं, तेवढ्यात श्यामलाबाई चहा घेऊन आल्या.

"हे कुणाच्या वहीतलं? कागद तर नवा दिसतोय."

"मी लिहिलंय. बापूला. उत्तर आहे."

"कशाचं?"

अनंतरावांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढून निळं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मग सांगितलं. चहा निवला. श्यामलाबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच घडत होती.

"आणि हे ठिपक्यांत का लिहिलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ती आमची भाषा आहे."

"त्यांना दिसत नाही. त्यांच्या सुनेला येत नाही. मग हे वाचणार कोण?"

अनंतरावांनी तो कागद पालथा घातला. इतकी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती, की यायला नको होती? साध्या मराठीत लिहिलं तर निशा वाचणार. मोठ्यानं वाचणार. तिचा नवरा रविराज ऐकेल, घरातली मुलं ऐकतील. जो काका चहाबरोबर बिस्कीट पुढे करत होता, त्यानं काय केलं ते सगळ्या घराला कळेल. पारखेडच्या बाजाराला बापूबद्दल कळलं होतं, तसं.

"जाऊन सांगून येता का?" श्यामलाबाई थोड्या नरमल्या होत्या. "रिक्षानं सोडते."

"तिथे जाऊन मी हवापाण्याचं बोलून परत येईन. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

त्यांनी नवा कागद घेतला. मायन्यापाशी हात अडखळला, तेव्हा तारेत नसतोच म्हणून त्यांनी मायनाच घातला नाही.

'बापू, बारा ऑगस्ट १९८१ ची मयताची तार तू पाठवलीस ती मी घेतली. तीन वीसला पोच मी दिली. खोली क्रमांक तू सतरा असा वाजवला होतास. मी तो ऐकला, कागदावर लिहिला, माझ्या कानावर विश्वास नव्हता म्हणून पुसला. लोक हसतील म्हणून तुला पुन्हा विचारलं नाही. तार मी ट्रेखाली ठेवली. चौकशीत मला सगळं आठवत होतं. तुझा हात चुकला नव्हता. आता ती वाजवून पाहू नकोस. निशाताई, हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि घरात सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल. अनंत आगाशे.'

खाली तारीख घातली आणि सवयीनं वेळही घातली, सकाळी अकरा चाळीस.

'क्षमा' हा शब्द कुठे बसतो का, ते त्यांनी दोनदा पाहिलं. कुठेही घातला तरी तो काहीतरी मागत होता. मागायचं नव्हतं. त्यांनी कागद श्यामलाबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून उभ्यानंच वाचला, पहिल्यांदा भरभर, मग सावकाश.

"ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "टाकून या. आणि जिना सावकाश उतरा."

लिहून काढलेले कागद आणि तिन्ही वह्या निशा शनिवारी न्यायला येणार होती. पत्रही तिच्याच हाती देता आलं असतं. पण बापूनं पत्र पोस्टानं पाठवलं होतं. आणि शनिवारपर्यंत ते घरात राहिलं तर काय होईल, हे अनंतरावांना ठाऊक होतं.

तीन मजले उतरायला त्यांना वेळ लागला. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीला टेकून कुणीतरी स्कूटर लावली होती. तिच्या हँडलवरून हात लांबवून पाकीट फटीपर्यंत न्यावं लागलं. पत्ता त्यांनी आणखी एकदा वाचला: बापूराव शेलार, विश्रांतवाडी, घर क्रमांक, पिन कोड. घर क्रमांकावरून बोट फिरवलं. तो बरोबर होता. निशानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता.

त्यांनी पाकीट आत सोडलं. मग फटीत दोन बोटं घालून चाचपून पाहिलं, अडकलं तर नाही ना. बोटांना काही लागलं नाही. पेटीवर पत्रं काढण्याच्या पुढच्या वेळेची पाटी होती, दुपारी तीन. तोवर तिथे थांबावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग गुडघा दुखायला लागला आणि ते घराकडे वळले.